अख्खं जायफळ

झोप येत नाही, हे मी स्टाफरूममध्ये एकदाच बोलले आणि पुढचं वर्षभर त्याची शिक्षा भोगली.

हिंगणघाटच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. पन्नाशी ओलांडली आहे, मुलगी नोकरीसाठी पुण्यात आहे, घरी मी आणि नवरा दोघंच. त्या दिवशी डबा उघडून बसले आणि हातातली पोळी तशीच धरून कुठंतरी बघत राहिले असेन. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं नाही का? मी म्हणाले, काही नाही, रात्री झोप होत नाही. एवढंच. पण झोपेवर बोलायला काही शिकावं लागत नाही. ज्याला ज्याला रात्री झोप लागते, तो तो त्यातला जाणकार. डबे संपेपर्यंत मला कळलं की मी पाय कोमट पाण्यात बुडवून बसायला हवं, उत्तरेकडचं डोकं दक्षिणेकडं करायला हवं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायला हवा, रात्री भात खायला हवा आणि रात्री भात अजिबात खायला नको. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटून श्वास मोजायला सांगितले. श्वास मोजण्याचं नाव काढल्यावर मला हसू आलं. का आलं ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

घरी नवऱ्याचं वेगळंच. वडनेरला त्याचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. सकाळी मोटरसायकलनं जातो, संध्याकाळी येतो. त्याची झोप आमच्या सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध. लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या झोपेल, कटिंगच्या खुर्चीत झोपेल, टीव्हीवर कितीही आरडाओरड चालू असो, त्याची मान छातीवर. बायका माझ्यादेखत म्हणायच्या, काय समाधानी माणूस आहे, मनात काही ठेवतच नाही! तोही ते खरं मानायचा.

"तू लय विचार करतं," तो मला म्हणायचा. "माह्यासारखं राह्य. पडलं का झोपलं."

"मी विचार करत नाही हो. मला जाग येते."

"मंग जाग काऊन येते? विचार करतं म्हणून येते ना!"

मी भांडी घासायला घ्यायची. मागं वळून बघावं, तर खुर्चीत तो घोरत असायचा.

पण हे सगळे परवडले, माझी मोठी बहीण नको. ताई तळेगावला असते. तिचं वय साठीच्या घरात, अंगात कामाची उमेद भरपूर आणि बोलण्यात शंकेला जागा नाही. लहानपणी माझ्या गळवांवर पोटीस बांधायचं काम तिच्याकडं होतं. तो अधिकार तिनं अजून सोडलेला नाही. माझ्या झोपेची बातमी तिला कोणी दिली कोण जाणे, पण पुढच्याच रविवारी ती बसनं येऊन दारात उभी. हातात पिशवी, पिशवीत काशाची वाटी.

"काऊन वं, डोये कसे दिसून राह्यले तुहे! आन् मले सांगत बी नाई?"

तिनं मला पलंगावर बसवलं, तळपायांना तूप लावलं आणि ती वाटी घासायला सुरुवात केली. तळवे काळे झाले तसतशी ती खूश होत गेली. "पाह्य, उष्णता कशी निघून राह्यली." मी विज्ञानाची शिक्षिका. तूप आणि धातू घासला की काळं होतंच, पाय कोणाचाही असो, असं मी बोलून गेले. ताईनं वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा घासायला लागली, आता जरा जोरात. खोटं कशाला बोलू, पायांना फार बरं वाटलं. झोप मात्र त्या रात्रीही तशीच तुटत तुटत गेली आणि सकाळी चादरीवर तुपाचे काळे डाग धुवायला मला एक जादा काम मिळालं.

नंतर खसखशीची खीर झाली. ब्राह्मीचं तेल झालं. त्याचा वास इतका दाट की वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुली मान वळवायच्या. अश्वगंधेचं चूर्ण ताईनं मोबाईलवरून मागवून थेट माझ्या पत्त्यावर पाठवलं. ते दुधातून घ्यायला लागल्यापासून माझं पोट बिघडलं, तर ती म्हणाली, आधी घाण बाहेर पडते, मग गुण येतो. पुण्याहून मुलीनं आंब्याच्या चवीच्या गोळ्या पाठवल्या, चघळायच्या, झोपेचं संप्रेरक असलेल्या. परदेशात तर किराणा दुकानात मिळतात, आई, काही होत नाही. त्यानं झोप थोडी लवकर लागायची, पण माझं दुखणं झोप लागण्याचं नव्हतंच, लागलेली मोडण्याचं होतं. डबी डायनिंग टेबलावर राहिली. एक दिवस बघते तर अर्धी रिकामी. नवरा जेवणानंतर एकेक तोंडात टाकत होता.

"चांगली लागते," तो म्हणाला. "आंब्याची आहे ना."

शेवटी मी स्वतःच औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा. झोपेची गोळी मागितली तर त्यानं मान हलवली, डॉक्टरची चिठ्ठी लागते, मॅडम. मी परत वळले, तेवढ्यात आवाज खाली आणून म्हणाला, "सर्दीची गोळी देऊ काय? ॲलर्जीची. तिले चिठ्ठी लागत नाई, झोप मस्त येते."

खरंच आली. पहिल्या दोन-चार रात्री मी दगडासारखी पडले. इतकी हलकी झाले की शाळेत गुणगुणत होते म्हणे. पण सकाळी डोकं कापसानं भरल्यासारखं व्हायचं, तोंडाला कोरड पडायची, आणि हळूहळू गोळीचा गुण कमी होत कापूस तेवढा वाढत गेला. मग तो आठवीचा वर्ग. मुलांना चाचणीचा पेपर दिला होता. मी खुर्चीत बसून हनुवटी तळहातावर ठेवली. पुढचं मला आठवतं ते घंटेचा आवाज आणि चाळीसेक मुलं एकदम गप्प बसलेली. ती गप्प होती ती मला जाग येऊ नये म्हणून. पेपर लिहून झालेल्या मुली हातांची घडी घालून बसल्या होत्या. आणि दारात मुख्याध्यापिकाबाई.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मला बाजूला घेऊन मऊ आवाजात म्हणाल्या, "श्वास मोजता ना रोज?"

घरी येऊन मी ती गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली आणि रडले. दुःखानं नाही, संतापानं. सगळं जग मला झोपवायला निघालं होतं आणि मी वर्गात झोपून हसं करून घेतलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ताईनं आम्हा दोघांना तळेगावला बोलावलं. तिच्या हातचं जेवण म्हणजे पोटाची चंगळ. नवरा जेवून ओसरीत आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. ताई दुधाचा पेला घेऊन माझ्यापुढं बसली. दुधाला एक उग्र, लाकडासारखा वास.

"जायफय आहे. माह्या सासूचा उपाय. ती जन्मभर एका कुशीवर झोपली."

जायफळाचं दूध मलाही माहीत होतं. आमच्याकडं तान्ह्या मुलाला सहाणेवर एक-दोन वळसे उगाळून देतात. मी पेला बघितला. तळाशी बोटभर गाळ होता.

"किती टाकलंस गं?"

"टाकलं तुह्या मापानं. तुले आजवर काईच लागू नाई झालं, तं चिमूटभरानं काय होते?"

मी नको म्हणायला हवं होतं. पण दिवसभर तिनं चूल-शेगडी सोडली नव्हती, माझ्यासाठी वेगळं करत होती आणि आता माझ्या तोंडाकडं बघत होती. मी डोळे मिटून पेला संपवला, गाळासकट. तिनं चमच्यानं खरवडून दिला.

सकाळी उठले ती भिंतीला धरून. तोंडात जिभेचं लाकूड झालेलं. छातीत काहीतरी धावत होतं, थांबतच नव्हतं. समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे जवळ यायचे आणि लांब जायचे. ताईनं चहा पुढं केला तर तिचा हात मला फार मोठा दिसला आणि मी घाबरून ओरडले. मी तिला आईच्या नावानं हाक मारली असं ती नंतर सांगते. मला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मला खात्री झाली होती, मी आता मरणार आणि कारण काय तर दूध.

भाच्यानं गाडी काढली. आर्वीला एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिशीतली मुलगी, केस घट्ट बांधलेले, आवाज शांत. तिनं नाडी बघितली, छातीला तारा लावून आलेख काढला, सलाईन लावलं आणि मग विचारलं, "काय काय घेतलंय?"

मला बोलता येत नव्हतं. ताई पुढं झाली आणि तिनं सगळं सांगितलं, एकेक करून, जरा अभिमानानंच. चूर्ण, खीर, तेल. शेवटी जायफळ.

"किती जायफळ?"

"एक," ताई म्हणाली.

"एक चमचा?"

"एक अख्खं. लहानसंच होतं."

डॉक्टरनं लिहिता लिहिता हात थांबवला. "मावशी, अख्खं जायफळ म्हणजे विष होतं माणसाला. स्वयंपाकात चिमूटभर घालता तेवढंच ठीक. नैसर्गिक आहे म्हणून कितीही चालतं असं नसतं."

ताईचा चेहरा असा पडलेला मी आयुष्यात बघितला नव्हता. तिनं पदर तोंडाला लावला आणि पलंगाच्या पायथ्याशी जाऊन माझे तळवे हातात धरून बसली. मला तिचा राग आला होता, भयंकर राग, पण मी पाय काढून घेतले नाहीत.

दुपारपर्यंत छातीतली धावपळ कमी झाली. भिंती जागेवर आल्या. डॉक्टर पुन्हा आली, खुर्ची ओढून बसली आणि तिनं मला एक प्रश्न विचारला. वर्षभरात एवढ्या लोकांनी एवढे उपाय सांगितले, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"झोप लागत नाही की मोडते? आणि मोडते ती कशानं?"

मी सांगितलं. नवरा घोरतो. ते काही नवीन नाही, लग्नापासून घोरतो, त्याची मला सवय आहे. पण गेल्या दीडेक वर्षात घोरता घोरता एकदम शांतता होते. श्वासच नाही. मी जागी होते आणि अंधारात ऐकत राहते. आता येईल, आता येईल. येत नाही. मी त्याला हलवायला हात पुढं करते, तेवढ्यात तो बुडणारा माणूस वर यावा तसा हुंदका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा घोरायला लागतो. मग मला झोप येते का? मी पुढच्या शांततेची वाट बघत पडते.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? सगळ्यांचेच नवरे घोरतात."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. दाराबाहेरच्या बाकावर नवरा बसला होता. बायको सलाईनवर, तरी मान मागं भिंतीला टेकलेली, तोंड उघडं, घोरणं चालू. येणारे-जाणारे वळून बघत होते. आणि आमच्या देखत ते थांबलं. डॉक्टर उठून दारात गेली. मीही उशीवरून मान उचलली. ताईनं माझे पाय सोडले. तिघीजणी त्या माणसाच्या छातीकडं बघत राहिलो, आणि छाती हलेना. मग तो मोठा हुंदका, डोकं झटकन पुढं, आणि पुन्हा घरघर.

डॉक्टर माझ्याकडं वळली. "औषध तुम्हाला नाही, यांना हवंय," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, आता सुटले. कसलं काय! त्याला उठवून सांगितलं, झोपेत तुमचा श्वास अडतो, शरीराला हवा कमी पडते, दिवसा डुलक्या येतात त्या त्यामुळंच, रात्रीची झोप खरी होतच नाही. सेवाग्रामला जाऊन तपासणी करा. तो ताठ बसला.

"मले? मी तं मस्त झोपतो! पेशंट ही आहे न मॅडम."

त्याचा अपमान झाला होता. आयुष्यभर ज्या एका गुणासाठी लोकांनी नावाजलं, तो रोग निघाला म्हणे! घरी आल्यावर मी मागं लागले. आज नको, दुकानात सीझन आहे. आता नको, गहू-चण्याचं बियाणं उठायचं आहे. मोबाईलवर वाचलं की पाठीवर झोपलं की जास्त होतं, म्हणून मी त्याच्या बनियनला मागच्या बाजूनं खिसा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घातला, म्हणजे उताणा होताच टोचेल. दोन रात्री कुशीवर झोपला, घोरणं जरा कमी झालं. तिसऱ्या रात्री त्यानं बनियनच काढून ठेवलं. शेवटी मी माझी गादी मुलीच्या खोलीत नेली. तिथं भिंतीपलीकडून ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नाही म्हणून झोप येत नव्हती. वर ताईचा फोन.

"भाऊजीसंगं भांडली काय तू? येगयेगळे झोपून राह्यले म्हणे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनीबी सांगो. या वयात असं बरं दिसत नाई."

फोन ठेवून मी उशीवर दोन-चार बुक्क्या मारल्या.

आणि मग एका संध्याकाळी तो उशिरापर्यंत आला नाही. आला तो दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसून, कोपर सोललेलं, शर्टाला माती. आणणारा त्याच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, वडनेरकडचा शेतकरी. चांगल्या सरळ रस्त्यानं येता येता मोटरसायकल पऱ्हाटीत, उभ्या कपाशीत शिरली, असं त्यानं सांगितलं. मागून ट्रक आला नाही म्हणून बरं. "ब्रेक बी नाई मारला हो यायनं. मी मागंच होतो. अशी गेली गाडी, जशी त्याच वावरात जायची होती."

शेतकरी चहा घेऊन गेला. मी कोपरावर औषध लावत होते. तेव्हा नवरा जमिनीकडं बघत म्हणाला, "मले आठोतच नाई रस्ता कवा सुटला."

मी कापसाचा दुसरा बोळा घेतला.

"मांगं बी एकदा झालतं. तुले सांगतलं नाई."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. वर्षभराचं तूप, खीर, चूर्ण, वर्गातली ती घंटा, ते जायफळ, सगळं बाहेर पडलं. मी तुमच्या श्वासावर पहारा देत बसले आणि तुम्ही मला म्हणता मी विचार करते! तो ऐकत राहिला. मध्ये एकदाही बोलला नाही, आणि झोपलाही नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही सेवाग्रामला गेलो. एक रात्र अंगाला तारा लावून झोपवलं. निकाल जो यायचा तोच आला. वजन कमी करा, संध्याकाळी थोडी-थोडी दारू घेता ती बंद करा, आणि रात्री नाकावर मुखवटा लावून झोपा, त्याला जोडलेलं लहान यंत्र हवेचा दाब देतं. यंत्र घरी आलं तेव्हा त्यानं ते कीटकनाशकाच्या फवारणी पंपाकडं बघावं तसं बघितलं. पहिले काही दिवस नाकाला टोचतं, तोंड सुकतं, लोक काय म्हणतील, हे सगळं झालं. आमच्या बेडरूममध्ये लोक कुठून येणार, हे मी विचारलं. मग एका सकाळी तो उठला आणि बराच वेळ पलंगावर बसून राहिला. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"काई नाई," तो म्हणाला. "डोकं हलकं वाटून राह्यलं. असं असते काय सकायी?"

मला त्या माणसाची एकदम कीव आली. किती वर्षं त्याची खरी झोपच झाली नव्हती, आणि आम्ही सगळे त्याच्या झोपेचं कौतुक करत होतो.

माझी झोप लगेच परत आली असं नाही. कान तयार झाले होते, ते शांततेला उठायचेच. आता त्या यंत्राची बारीक फूं ऐकत पडायचं. तपासणीचा निकाल घ्यायला गेलो तेव्हा मी तिथल्या डॉक्टरला माझंही विचारून घेतलं होतं. त्यांनी सांगितलेलं अगदीच बेचव होतं. रोज एकाच वेळी उठायचं, रविवारीसुद्धा. दुपारी आडवं व्हायचं नाही, संध्याकाळनंतर चहा नाही. जाग आली आणि झोप येईना तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून दुसरीकडं बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. सकाळचं ऊन अंगावर घ्यायचं. इतकं साधं ऐकून मला फसवल्यासारखं वाटलं, आणि वर चहा सोडणं तर फार जिवावर आलं. पण थंडी सरता सरता मी बऱ्याच रात्री सलग झोपायला लागले. अजूनही एखादी रात्र वाया जाते. तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून वह्या तपासते आणि कोणाला सांगत नाही.

ताईनं जायफळ स्वयंपाकघरातून काढून टाकलं. श्रीखंडातसुद्धा घालत नाही. काशाची वाटी मात्र अजून पिशवीत असते. ती आली की पाय पुढं करते मी, डाग पडो नाहीतर न पडो.

आणि नवरा? तो आता झोपेतला जाणकार आहे. दुकानात खताचं पोतं घ्यायला आलेल्या माणसाला बसवून विचारतो, घोरतो काय रे? दिवसा डुलक्या येते? तपासून घे. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला आला तर मुख्याध्यापिकाबाईंना गाठून त्यांच्या यजमानांची चौकशी करत होता, आणि त्या वहीत लिहून घेत होत्या. मी दिवाळीपासून ओरडत होते ते त्याला एका मुखवट्यात समजलं, आणि ते आता तो मला समजावून सांगतो, अगदी सावकाश, मला कळावं म्हणून. त्या यंत्राची नळी आठवड्यातून एकदा कोमट पाण्यानं धुवायची असते. ती कोण धुतं, ते सांगायला नको.